उसाच्या गाडीचा बैल

दसरा झाला की तिसगावच्या रस्त्याला ऊसतोडीच्या टोळ्यांचे ट्रक लागतात. भांडीकुंडी, पोरेबाळे, कोंबड्या आणि बैल. पाथर्डी तालुक्यातून माणसे कारखान्यांकडे निघतात, त्यांतल्या कितीतरी टोळ्या थेट सांगली-कोल्हापूर गाठतात. वाटेत लागणारा माणदेश आणि सोलापूरचा पट्टा हेच त्या बैलांच्या खिल्लार जातीचे माहेर.

म्हैसूरच्या हल्लीकर गुरांशी खिल्लारचे नाते अभ्यासक जोडतात. कळप घेऊन फिरणाऱ्या थिल्लारींनी ही जात जोपासली. आटपाडी, म्हसवड, तापीकाठ अशी तिची ठाणी झाली. खरसुंडीच्या यात्रेत पारखी गिऱ्हाईक आधी शिंगे बघते: बुडाशी जवळजवळ, मागे झुकून वर गेलेली. मग कपाळावरची उभी खाच, ताठ कातडी, काळे टणक खूर. जबडा उघडून दात मोजतात, दोनदाती की चारदाती. कमी चाऱ्यावर, उन्हातान्हात झपझप चालणारे हे जनावर. दूध मात्र बेताचे, वासराचे पोट भरून थोडे उरेल एवढेच.

पाथर्डीच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्याच्या धुवाधार पावसात डांगी गुरे आहेत. त्यांच्या कातडीला तेलकटपणा असतो, म्हणून पाऊस त्यांना बाधत नाही. मुलूख तसे जनावर. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने गीर, जर्सी आणि होल्स्टीन यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ काढली, ती दुधासाठी. दुष्काळी घरांना त्या दुधाने आधार दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दुधाच्या हिशेबात खिल्लार गाय मागे पडली, आणि गायच दावणीला नसेल तर खोंड येणार कुठून?

राज्य सरकारने 30 सप्टेंबर 2024 रोजी देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले. गोशाळांतल्या प्रत्येक देशी गाईसाठी दिवसाला 50 रुपयांचे अनुदानही ठरले. सर्वोच्च न्यायालयाच्या 18 मे 2023 च्या निकालाने बैलगाडा शर्यतीही कायम झाल्या आणि शर्यतीच्या खोंडाला भाव आला. राहिला तो उसाच्या गाडीचा बैल. खरे तर कष्टाच्या कामात खिल्लार आज उरली आहे ती याच्याच जिवावर, आणि योजनांत सगळ्यात मागे तोच आहे. गोशाळेला अनुदान द्यावे. पण दारात खिल्लार गाय ठेवणाऱ्या शेतकऱ्यालाही ते मिळाले पाहिजे. गावागावात खात्रीचा वळू हवा. बैलांचा विमा हंगाम सुरू होण्याआधी उतरला पाहिजे आणि त्याचा हप्ता कारखान्याने भरावा. बैल मेला तर मुकादमाकडून घेतलेल्या उचलीवर नवे कर्ज चढते, ते फेडायला पुढचा हंगामही पुरत नाही.

कारखान्याच्या गव्हाणीसमोर नंबर लागेपर्यंत हे बैल भरल्या गाडीपाशी रात्र काढतात. पुढ्यात पडतात उसाचे वाढे, म्हणजे शेंडे. वाढ्यातल्या ऑक्झलेटने जनावराच्या अंगातला चुना कमी होतो, त्यावर पशुवैद्य चुन्याची निवळी सांगतात. ती सांगणारा डॉक्टर हंगामभर प्रत्येक कारखान्याच्या गाडीतळावर असायला हवा.