यंत्राला अनुदान, चाकाला वनवास

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण तुमच्या गोठ्यामागं एखादं अवजार चाक मोडून पडलेलं असेल तर शेवटपर्यंत वाचा.

गेल्या मृगात आमच्या ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राचं चाक गेलं. ते दाते असलेलं लोखंडी चाक, जे जमिनीवर फिरतं आणि चेन-गरारीवरून बियाण्याच्या पेटीतला दांडा फिरवतं. धुऱ्यावरच्या दगडाला आपटलं आणि हबजवळ तडकलं. यंत्र पाच वर्षांचं. फण चांगले, पेट्या चांगल्या, नळ्या चांगल्या. गेलं ते फक्त चाक.

जिथून यंत्र घेतलं त्या दुकानात गेलो. "भाऊ, ते मॉडेल बंद झालं." मग चाक कुठं मिळंल? "कंपनीला विचारावं लागंल. आठ-पंधरा दिवस धरून चला." रानात ओल चार दिवसांची आणि चाकाला पंधरा दिवस! दुसऱ्या दुकानात चाक होतं, पण हबचं भोक मोठं. तिसऱ्या दुकानात भोक जुळलं, तर बोल्ट जुळेनात. शेवटी वेल्डरनं भंगारातलं एक चाक काढलं, बुश बसवलं, वेल्डिंग मारलं आणि रात्री नऊला हातात दिलं. दुसऱ्या दिवशी पेरणी उरकली. गावात कौतुक झालं, काय जुगाड केला म्हणून.

दहा दिवसांनी तासं विरळ दिसली. बियाण्याला शिव्या घातल्या, पावसाला घातल्या. मग एकदाचं टेप घेऊन चाक मोजलं. जुनं 40 सेंटिमीटरचं होतं, नवं 45 चं.

आता हिशेब बघा. या चाकाच्या एका फेऱ्यात पेटीतून ठरलेलं बी पडतं. 40 चं चाक एका फेऱ्यात साधारण 126 सेंटिमीटर जातं, 45 चं 141. म्हणजे तेवढंच बी साडेबारा टक्के जास्त लांबीवर पसरलं. एकरी 30 किलो सोयाबीनला लावलेलं यंत्र एकरी 27 किलोच्याही खाली आलं. खताची पेटीही त्याच चाकावर चालते, तिची तीच गत. उलट 35 चं चाक लावलं असतं तर एकरी 34 किलो पडलं असतं, म्हणजे चार किलो महागडं बियाणं दाटीत वाया. पेरणी यंत्राचं चाक हे फिरणारं मापटं आहे. मापटं बदललं की माप बदलणारच.

हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. दुकानदारानं नाही, वेल्डरनं नाही, यंत्रासोबत आलेल्या कागदानं तर नाहीच.

आता मुद्द्यावर येतो. 2014-15 पासून केंद्राची कृषी यांत्रिकीकरणाची योजना चालू आहे. अल्प-अत्यल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना 50 टक्के, बाकीच्यांना 40 टक्के, ठरलेल्या मर्यादेपर्यंत अनुदान. महाडीबीटीवर अर्ज करताना ट्रॅक्टरचं आरसी द्या, कोटेशन द्या, यंत्राचा तपासणी अहवाल द्या. यंत्र आलं की मोका तपासणी, फोटो. एवढं सगळं विचारणारं सरकार एक प्रश्न विचारत नाही: बाबा रे, या यंत्राचं चाक मोडलं तर मिळेल का?

पैसा तुमचा-आमचा आहे. निम्मा खिशातून, निम्मा तिजोरीतून. आणि शे-दोनशे बोल्टांच्या यंत्रातला एक भाग मिळत नाही म्हणून ते भंगारात चाललं, तर अनुदान शेतकऱ्याला मिळालं की भंगारवाल्याला?

कुणी म्हणेल, प्रत्येक कंपनीचं डिझाइन वेगळं, त्याला काय करणार? हे मला पटत नाही. कुठल्याही तालुक्याच्या गावात जा आणि 6205 बेअरिंग मागा. आतलं भोक 25 मिलिमीटर, बाहेरून 52, जाडी 15. कुठल्याही कंपनीचं घ्या, बसतं. तुमच्या ट्रॅक्टरचा सहा खाचांचा पीटीओ 540 फेऱ्यांचा, त्याला कुणाचाही रोटाव्हेटर चालतो. मागच्या लिंकच्या पिना ठरलेल्या मापाच्या, म्हणून एकाचा ट्रॅक्टर आणि दुसऱ्याचं अवजार जुळतं. जिथं मापं ठरवली तिथं सगळं जुळलं. मग चाकाच्या हबलाच कोणता शाप लागलाय? आणि हे फक्त पेरणी यंत्राचं नाही. बागेतल्या ब्लोअरचं चाक, गवत कापायच्या यंत्राचं मागचं छोटं चाक, सगळीकडं हीच रड आहे.

दुसरा युक्तिवाद असा की अटी घातल्या तर यंत्रं महाग होतील, छोटे कारखाने मरतील. मला उलटं वाटतं. हबची दोन-तीनच मापं ठरली तर आपल्याच एमआयडीसीतला छोटा कारखानदार हजार चाकं एकदम बनवून ठेवेल, कारण ती कुणाच्याही यंत्राला चालतील. आज तो बनवत नाही, कारण कुणाचं माप काय हे त्यालाही माहीत नाही. दुकानदारालाही मी सरसकट दोष देत नाही. वीस कंपन्यांची वीस प्रकारची चाकं तो कुठं ठेवणार?

दिल्लीला हे कळत नाही असंही नाही. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, तेव्हा पहिल्या चार क्षेत्रांत शेती अवजारं होती. सोबत मोबाईल, घरगुती उपकरणं आणि गाड्या. पुढं 2025 मध्ये वस्तू किती दुरुस्त होण्यासारखी आहे याला गुण देण्याचा अहवाल आला, तो मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक्सचा. शेती अवजारांचा नंबर मागं पडला. मोबाईलची काच फुटली तर दोन दिवस फोनविना निघतात. मृगातले चार दिवस गेले तर हंगाम सरकतो.

म्हणून मागण्या साध्या आहेत:

1. अनुदानाच्या यादीत यायचं असेल तर झिजणाऱ्या-मोडणाऱ्या भागांची मापांसह यादी मराठीत यंत्रासोबत द्या. चाकाचा व्यास, हबचं भोक, बोल्ट किती आणि किती अंतरावर, बेअरिंगचा नंबर.
2. चाकाच्या हबची दोन-तीन मापं ठरवा आणि तपासणी अहवालात ती नोंदवा.
3. मॉडेल बंद झालं तरी 10 वर्षं सुटे भाग देण्याचं लेखी बंधन घाला. जो देणार नाही त्याचं यंत्र यादीतून बाहेर.
4. मेअखेर तालुक्याला किमान चाकं, चेन आणि गरारीचा साठा आहे का, हे कृषी विभागानं तपासावं. बियाणं-खताचा साठा तपासता ना, तसाच.

आणि तोवर आपण काय करायचं? आजच यंत्राजवळ जा. चाक मोजा, आणि माप पेटीवर रंगानं लिहून ठेवा. चाक बदलावंच लागलं तर पेरणीआधी यंत्र उचलून चाक हातानं 50 फेरे फिरवा आणि पडलेलं बी तोला. पाच फण, 45 सेंटिमीटर अंतर, 45 चं चाक आणि एकरी 30 किलो असा हिशेब असेल, तर सगळ्या नळ्यांचं मिळून साधारण 1 किलो 180 ग्रॅम बी पडलं पाहिजे. कमी-जास्त असेल तर पेटीचा खटका सरकवून पुन्हा तोला. अर्ध्या तासाचं काम आहे. मी ते केलं नाही, त्याची किंमत मोजली.

1 मेच्या ग्रामसभेत हा ठराव मांडणार आहे. तुमच्याही गावात मांडा. ज्यांचं चाक असंच अडलंय त्यांनी यंत्राचा प्रकार आणि मापं कमेंटमध्ये लिहा. यादी झाली की ती घेऊन तालुका कृषी कार्यालयात जाऊ. एकट्यानं गेलं की "बघू" म्हणतात, पन्नास मापं टेबलावर ठेवली की बघावंच लागतं.

जुगाडाचं कौतुक आता पुरे. ज्याच्याकडं पर्याय नसतो तो जुगाड करतो, आणि आपल्याकडं पर्याय नाही हे काही मिरवायचं कारण नव्हे.