नाचणीवर सगळा भार नको

बाळाला सहा महिने पूर्ण झाले की आपण आईला नाचणी सत्व सुचवतो आणि जाता जाता 'त्यात लोह भरपूर असते' असेही सांगून टाकतो. सल्ला उत्तमच आहे. जोडलेले वाक्य मात्र हिशेबाला टिकत नाही.

नाचणीचा मान कॅल्शियममुळे. शंभर ग्रॅमला सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम देणारे दुसरे तृणधान्य आपल्याकडे नाही. लोह मात्र साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास. बाजरी त्याहून सरस, सहाच्या वर. बाळाच्या वाटीत पीठ पडते जेमतेम वीस ग्रॅम, म्हणजे लोह एक मिलिग्रॅमही नाही. तेही फायटेटने धरून ठेवलेले. पाच टक्के शोषले गेले असे धरले, तरी हाती लागते ०.०५ मिलिग्रॅम. याच वयात रोज पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास लोह शरीरात शोषले जावे लागते. जन्मतः मिळालेला साठा सरत आलेला असतो आणि आईच्या दुधातले लोह अत्यल्प असते.

म्हणून नाचणी सोडायची का? मुळीच नाही. ती नीट करायची. भिजवून मोड आणले की फायटेट घटते. मोडांतल्या अमायलेजमुळे पेज फार घट्ट होत नाही, त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावते. हा फायदा घरी बहुधा पाण्यात जातो. पेज इतकी पातळ होते की चमच्यावर थांबत नाही, आणि पोट पाण्यानेच भरते. त्यात पीठ वस्त्रगाळ करायची चाल. कापडावर उरलेला कोंडा 'बाळाला बाधेल' म्हणून टाकला जातो आणि त्याबरोबर लोहही जाते. बारीक दळून साध्या चाळणीने चाळले तरी पुरे, हे आजीलाही समोर बसवून सांगावे.

पेज दुधाऐवजी पाण्यात शिजवावी. उतरवून कोमट झाल्यावर लिंबाचे चार थेंब पिळावेत, कारण उकळताना क जीवनसत्त्व टिकत नाही. गुळातून लोह मिळते या समजुतीला आपण तरी दुजोरा देऊ नये. चमचाभर गुळातून मिळते ते नगण्य, आणि गोडाची सवय तेवढी लागते. ज्या घरी चालते तिथे अंडे, खिमा, कलेजी मऊ शिजवून लवकर सुरू करायला सांगताना आपण का कचरतो, हे मला कळत नाही. धान्यातल्या लोहापेक्षा मांसातले लोह कितीतरी सहज शोषले जाते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. मोजणीच्या पद्धतीबद्दल मतभेद आहेत. पण आकडा निम्मा धरला तरी तो पेजेने भरून निघणारा नाही. 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात याच वयोगटाला आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर सिरप, म्हणजे दर वेळी २० मिलिग्रॅम लोह, देण्याची तरतूद आहे. बाटली घरी पोचते, पण शी काळी झाली की घाबरून ती फडताळात जाते. हे होणारच, ते निरुपद्रवी आहे, असे बाटली देतानाच सांगितले तर औषध बंद पडत नाही.

नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लशीला बाळ आपल्याकडे येतेच. त्या भेटीत वजनाबरोबर दोन प्रश्न विचारा: काल वाटीत काय काय होते, आणि सिरप शेवटचे कधी दिले? उत्तरे बाळाच्या कार्डावर लिहून ठेवा.