मृगापूर्वीची परसबाग

25 मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागते आणि विदर्भात नवतपा सुरू होतो. पारा 45 अंशांच्या आसपास रेंगाळतो. मृग मात्र पंधरवड्यावर आलेला असतो. परसातली मशागत याच दिवसांत उरकायची असल्याने ज्येष्ठांचे लक्ष बागेकडे आणि घरच्यांचे लक्ष ज्येष्ठांकडे, अशी ओढाताण आमच्या देवळीत घरोघरी चालते.

घरच्यांनो, ‘उन्हात जाऊ नका’ एवढे म्हणून भागत नाही. जन्मभर वावर केलेला माणूस सारे घर निजले, की भर दुपारी कुदळ उचलतो. आणि तीच वेळ सर्वांत घातक. मनाईपेक्षा वेळ ठरवून द्यावी. पहाटे साडेपाच ते साडेसात, तेही कोणाच्या तरी नजरेसमोर.

कामाचीही वाटणी करावी. वेलांसाठी खड्डे खणणे तरुणांकडे. ते काही दिवस उन्हात तापू द्यावेत, मग शेणखत व माती भरावी. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून वाफे थोडे उंच असावेत. दोडके, कारले, चवळीचे बी निवडणे, तुळशी-कढीपत्त्याच्या बुंध्याशी पालापाचोळा पसरणे ही कामे ज्येष्ठांनी सावलीत, स्टुलावर बसून करावीत. पेरणीची घाई नको. चांगला पाऊस होऊ द्यावा.

उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. म्हणून तहानेची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. रक्तदाबाच्या व लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी या दिवसांत उठताना भोवळ येऊ शकते. अशा वेळी गोळ्या परस्पर बंद न करता रक्तदाब तपासून घ्यावा. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असते. तापलेल्या फरशीवर अनवाणी चालल्यास भाजल्याचे कळतही नाही. पायांत बूट हवेतच.

अंग तापले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजावा. सावलीत नेऊन अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

पऱ्हाट्या, तुराट्या, विटा यांचे ढीग पावसाआधी हलवावेत. त्यांच्या आडोशाला साप-विंचू असतात. हे काम तरुणांनी, बूट घालून व काठीने चाळवून करावे. सर्पदंश झालाच, तर बांधणे, कापणे, चोखणे यांतले काही करू नये. दंश झालेला अवयव न हलवता तडक शासकीय रुग्णालय गाठावे. प्रतिविष तेथेच मिळते. विंचूदंशातही घरगुती उपायांत वेळ दवडू नये.

शेवटचे काम कूलरचे. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून आतून घासावी. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटतात आणि पाणी आटले तरी कित्येक महिने तग धरतात. कूलर गुंडाळून ठेवतानाही ही घासणी विसरू नये. कुंड्यांखालच्या बशांनाही हाच नियम.

एवढी काळजी घेतली, तर आजोबांना बागेपासून तोडण्याचे कारण उरत नाही. हातांना काम असले, की त्यांना भूक नीट लागते, झोपही शांत येते. यंदाचे बी त्यांच्याच हातून मातीत पडू द्या.