वेतोबाच्या मुलखात भयकथेचे वावडे

२०१६ च्या प्रारंभी झी मराठी वाहिनीवर ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातून निषेधाचे सूर उमटले. कोकण म्हणजे भुताखेतांचा आणि करणीचा मुलूख, असे चित्र राज्यभर जाईल, हा त्यामागचा आक्षेप. तो सर्वस्वी निराधार होता असे म्हणता येणार नाही. मुंबई-पुण्याच्या मनोरंजन व्यवसायाला कोकणातला माणूस बहुधा विनोदासाठी आणि कोकणातला वाडा बहुधा भीतीसाठीच आठवतो. पुढे मालिका लोकप्रिय झाली, आकेरीचा तो वाडा पाहायला पर्यटक येऊ लागले आणि निषेध विरून गेला. मात्र त्या वादातून दृढ झालेली एक समजूत विरली नाही. भयकथा वाचणे म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी घालणे, निदान हलक्या अभिरुचीला शरण जाणे, ही ती समजूत.

आपल्या विचारांच्या घरांतही ती मुळे धरून आहे. कपाटात शिवचरित्र असते, सावरकर असतात, थोरांची चरित्रे असतात, आणि असायलाच हवीत. पण नारायण धारपांची कादंबरी वाचनालयातून आली, तर ती अभ्यासाच्या वहीखाली लपते. गंमत अशी की, याच घरांतील आईवडिलांनी मुलांना रत्नाकर मतकरींचे ‘अलबत्या गलबत्या’ हौसेने दाखवलेले असते आणि चिंची चेटकीण रंगमंचावर आली की, मुलांआधी तेच टाळ्या वाजवतात.

वस्तुतः भयाचे वावडे ही आपली परंपरा नव्हेच. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले, त्यांत भयानक आहे, बीभत्स आहे आणि अद्भुतही आहे. शृंगार-वीरांच्या पंक्तीत भयाला पाट मांडणारे शास्त्रकार अंधश्रद्ध होते, असे कोणी म्हणणार नाही. भवभूतीने ‘मालतीमाधवा’च्या पाचव्या अंकात थेट स्मशान उभे केले. सोमदेवाच्या कथासरित्सागरात राजाच्या खांद्यावरील प्रेतातून वेताळ त्याला न्यायाचे प्रश्न विचारतो. महाभारतातील सौप्तिकपर्व तर झोपलेल्या शिबिरावरील रात्रीच्या संहाराची कथा. त्याहून भीषण पाने जगाच्या वाङ्मयात शोधावी लागतील.

आणि सिंधुदुर्ग? वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीला वेतोबा ग्रामदैवत आहे. भाविक त्याला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. तो रात्री गावाची राखण करीत फिरतो, म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा. वेताळ म्हटले की शहरी माणूस दचकतो. आरवलीकराला तो घरचा वडीलधारा वाटतो. जत्रेच्या रात्री दशावतारात काळ्या वेषातला संकासुर येतो. आईच्या कुशीत शिरलेले पोर काही वेळाने त्याच्याच मालवणी बोलण्यावर खदखदून हसते. भय जवळून पाहायचे, त्याला नाव द्यायचे, त्याच्याशी बोलायचे, हे शिक्षण इथल्या मातीने कोणत्याही पाठ्यपुस्तकाविना दिले.

पाश्चात्त्य भयकथेशी तुलना केली, तर फरक डोळ्यांत भरतो. १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’त दुष्टता परमुलखातून जहाजाने येते आणि तिचा निःपात करावा लागतो. आपल्या लोककथेतला मुंजा किंवा हडळ बहुधा घरातलाच कोणीतरी असतो, इच्छा अपुरी राहिलेला. त्याला मारायचे नसते, गती द्यायची असते. धारपांनी (१९२५-२००८) पाश्चात्त्य साहित्यातून पुष्कळ उचलले, हे झाकण्यात अर्थ नाही. त्यांच्या ‘आजी’ कथेची बीजे स्टीफन किंगच्या १९८४ च्या कथेत आहेत. पण त्यांचा ‘समर्थ’ अशुभाला सामोरा जातो तो साधनेच्या बळावर, आणि तेवढ्याने कथेची भूमी बदलते. धारपांच्या कथेची प्रेरणा सांगणारा, कोकणाच्या धुवाधार पावसात भिजलेला ‘तुंबाड’ हा २०१८ चा चित्रपटही अखेर भुताचा नाहीच. तो लोभाचा आहे.

या वाटेवरचे सर्वांत अवघड ठिकाण मात्र चिं. त्र्यं. खानोलकर (१९३०-१९७६). वेंगुर्ले परिसरात जन्मलेले, कुडाळात खानावळ चालवून संसार रेटणारे, आरती प्रभू या नावाने कविता लिहिणारे. त्यांची ‘कोंडुरा’ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यावरून श्याम बेनेगल यांनी १९७८ मध्ये चित्रपट काढला. कथानायकाला दैवी प्रसाद लाभतो आणि त्याबरोबर ब्रह्मचर्याचे बंधन येते. आपण ईश्वरी कार्याचे साधन झालो, असे तो मानू लागतो, आणि अनर्थ घडतो तो याच मानण्यातून. येथे कोणी हडळ नाही. भीती आहे ती ‘माझ्या हातून होईल ते योग्यच’ या निःशंकतेची. समाजकार्याला आयुष्य वाहिलेल्या माणसाने तर ही कादंबरी अवश्य वाचावी. ती सुखावणार नाही. चार दिवस मन अस्वस्थ राहील, आणि बौद्धिकात सहसा न विचारला जाणारा एक प्रश्न उरेल.

अंधश्रद्धेचे काय, असे कोणी विचारील. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, तो भोंदूंच्या फसवणुकीविरुद्ध आणि अघोरी कृत्यांविरुद्ध आहे. गल्ला मांडून बसलेला भोंदू ‘हे खरे आहे, दक्षिणा ठेव’ म्हणतो. कथाकार पहिल्या पानावरच सांगून टाकतो की, ही कथा आहे. कथा ऐकत वाढलेल्या मुलाला हा भेद लवकर कळतो. ज्याला भीतीचा अनुभव केवळ धाकातून मिळाला, तोच पुढे गंडेदोरे शोधत फिरतो.

अर्थात, सारीच भयकथा वाचनीय नसते. रक्ताच्या चिळकांड्या आणि किंकाळ्या यांपलीकडे न जाणारी पुस्तके ढिगाने निघतात, त्यांची वकिली करण्याचे कारण नाही. आठवी-नववीच्या मुलाला धारप द्यावेत, थोडे मोठे झाल्यावर मतकरींच्या गूढकथा. ‘कोंडुरा’ मात्र आईवडिलांनी आधी स्वतः वाचावी, आणि मग मुलांपासून लपवावीशी वाटते का, ते पाहावे.