पशुवैद्यकाचा मार्ग : अर्ज भरण्यापूर्वीं

दहावीचा निकाल हातीं आला म्हणजे घरोघरीं पुढील शिक्षणाचा खल सुरू होतो. डॉक्टरी, इंजिनियरी, हिशेबनिशी, कायदा या ठराविक नांवांपलीकडे तो खल सहसा जात नाहीं. अशा वेळीं घरांतील एखाद्या मुलानें किंवा मुलीनें ‘मला जनावरांचा डॉक्टर व्हावयाचें आहे’ असें सांगितलें, तर वडीलमंडळींत थोडी शांतता पसरते. ‘डॉक्टरच व्हावयाचें, तर माणसांचा कां नको ?’ असें आई विचारते. ‘पुढें पाहूं’ म्हणून वडील विषय बदलतात. आणि शेजारीपाजारी ‘ढोरडॉक्टर’ या एका शब्दांत सर्व निकाल देऊन मोकळे होतात. हा प्रश्न इतक्या घाईनें निकालांत काढूं नये असें आम्हांस वाटतें, म्हणून या महिन्यांत तोच विषय घेतला आहे.

हा धंदा हलका, ही समजूत निदान आपल्या परंपरेंतून आलेली नाहीं. अज्ञातवासांत विराटाच्या पदरीं राहतांना नकुलानें ग्रंथिक या नांवानें घोड्यांची आणि सहदेवानें तंतिपाल या नांवानें गाईंची जोपासना पत्करली. माद्रीच्या त्या दोन्ही पुत्रांस त्यांत उणेपणा वाटला नाहीं. अश्ववैद्यकाचा आचार्य शालिहोत्र आणि हत्तींच्या वैद्यकाचा आचार्य पालकाप्य यांचीं नांवें आपण आजही आदरानें घेतों. वसुबारसेस सवत्स धेनूची पूजा करावयाची आणि तीच गाय अडली असतां रात्रीं तिच्यासाठीं धांवून येणाऱ्या माणसास मात्र नाक मुरडावयाचें, हा विसंगतपणा सुशिक्षितांस शोभत नाहीं.

अर्वाचीन पशुवैद्यकाचें पहिलें विद्यालय क्लोद बुर्जला या गृहस्थानें १७६१ सालीं फ्रान्समधील लियों शहरीं स्थापन केलें. युरोपांत त्या काळीं बुळकांडीच्या सांथींनीं गुरें पटापट मरत होतीं, व तिला आळा घालणें हा त्या विद्यालयाचा एक मुख्य हेतु होता. आपल्याकडे मुंबईस परळ येथील पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालीं सुरू झालें. पुण्यास १८८९ सालीं निघालेली सरकारी जंतुशास्त्र-प्रयोगशाळा १८९३ सालीं कुमाऊंतील मुक्तेश्वर येथें हलविण्यांत आली आणि तिचीच पुढें भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. बुळकांडीवरील लशीचें महत्त्वाचें काम मुक्तेश्वराच्या त्या डोंगरावर झालें. भारत २००६ सालीं त्या रोगापासून मुक्त ठरला, आणि २०११ सालीं तो रोग साऱ्या पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. माणसांच्या देवीनंतर समूळ नष्ट झालेला हा दुसराच रोग होय. एवढें कार्य ज्या विद्येच्या नांवावर आहे, तिला हलकी म्हणण्यापूर्वीं थोडा विचार करावा.

परंतु विद्या थोर आहे, एवढ्यावरून ती आपल्या मुलास मानवेलच असें नाहीं. येथेंच खरी अडचण आहे. पशुवैद्यकाचा प्रवेश आज ‘नीट’ या परीक्षेच्या गुणांवर मिळतो. ७२० गुणांची ही परीक्षा माणसांच्या आणि जनावरांच्या डॉक्टरकीस एकच आहे. तींत पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र यांचे प्रश्न विचारतात. पण मुलानें जन्मांत एकदां तरी गाईच्या पाठीवर हात ठेवला आहे काय, हें तेथें कोणी विचारीत नाहीं. इंग्लंडांतील अनेक पशुवैद्यक विद्यालयें अर्जदारानें आधीं गोठ्यांत, मेंढ्यांच्या कळपांत किंवा दवाखान्यांत कांहीं काळ काम केलेलें असावें अशी अपेक्षा धरतात आणि त्याविषयीं त्याची मुलाखत घेतात. आपल्याकडे ती चौकशी नाहीं. म्हणून ती घरच्या माणसांनींच केली पाहिजे. ती न झाल्यामुळें दोन तऱ्हांचीं मुलें या अभ्यासक्रमांत चुकून शिरतात. वैद्यकीय महाविद्यालयाच्या यादींत नांव न लागल्यामुळें हातीं आलें तें घ्यावें म्हणणारीं, हीं एक. आणि घरच्या मांजरावर किंवा कुत्र्यावर जीव आहे, एवढ्याच भांडवलावर येणारीं, हीं दुसरीं. पहिलीं साडेपांच वर्षें मनांत कुढत राहतात. दुसऱ्यांचा पहिल्याच वर्षीं शवविच्छेदनाच्या खोलींत भ्रमनिरास होतो.

यावर आमचा उपाय साधा आहे. दहावीच्या किंवा अकरावीच्या सुटींत जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांतील डॉक्टरांची परवानगी घ्यावी आणि मुलास आठ-पंधरा दिवस तेथें पाहूं द्यावें. पिसाळल्याचा संशय असलेल्या जनावराजवळ मात्र त्यास जाऊं देऊं नये. अडलेल्या म्हशीच्या पोटांत आडवें आलेलें वासरूं खांद्यापर्यंत हात घालून कसें वळवितात, वार अडकलेल्या गाईचा वास कसा असतो, लाळ्याखुरकुतानें तोंड सोललेला बैल समोरच्या वैरणीकडे कसा पाहत राहतो, हें त्यानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें. येथील रोगी बोलत नाहीं. आणि जो बोलतो त्या मालकाचा पहिला प्रश्न ‘खर्च किती येईल?’ हाच असतो, कारण त्या एका गाईच्या दुधावर त्याच्या घरचें मीठमिरची चाललेलें असतें. रोग ओळखण्याइतकेंच त्या माणसाशीं नीट बोलतां येणें हेंही या धंद्यांत लागतें. शिवाय जें जनावर वांचण्यासारखें नाहीं त्यास वेदनारहित मरण देणें, हेंही डॉक्टरासच करावें लागतें. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं मूल घरीं येऊन काय बोलतें, तें पालकांनीं मध्येंच न तोडतां ऐकावें. तें केवळ किळसेविषयीं बोलत असेल तर एक उत्तर मिळालें. ‘त्या म्हशीचें पुढें काय झालें असेल?’ असें विचारीत असेल तर दुसरें.

आपल्यासारख्या कुटुंबांनीं आणखी एक गोष्ट आधींच जाणून घ्यावी. या अभ्यासक्रमांत कुक्कुटपालन आहे, तसेंच मांस व अंडीं यांची तपासणी आणि कत्तलखान्याची आरोग्यव्यवस्था हेही विषय आहेत. माणसांस होणारे कित्येक रोग जनावरांकडून येतात, त्यामुळें तें ज्ञान लोकांच्या आरोग्यासाठीं अवश्य आहे. विद्यार्थ्यानें स्वतः काय खावें याचा येथें प्रश्न नाहीं. परंतु ते विषय टाळून पदवी मिळत नाहीं. ज्या घरांत यावरून पुढें वादळ उठण्याचा संभव आहे, तेथें तें आधींच उठून शमलेलें बरें.

मुलींच्या बाबतींत ‘हें अंगमेहनतीचें काम तिला झेपेल काय ?’ अशी शंका घेण्यांत येते. एलीन कस्ट या बाईंनीं १९०० सालीं एडिंबरा येथें पशुवैद्यकाचा अभ्यास पुरा केला. पण केवळ स्त्री म्हणून त्यांस अधिकृत परीक्षेस बसूं दिलें नाहीं. त्यांनीं आयर्लंडांतील खेड्यापाड्यांतून घोड्यांवर व गुरांवर उपचार करीत बावीस वर्षें वाट पाहिली, आणि १९२२ सालीं त्यांस रीतसर मान्यता मिळाली. आज हा दरवाजा मुलींस पूर्णपणें उघडा आहे. मोठ्या जनावरास आवरण्यास शक्तीपेक्षां युक्ति व दावें बांधण्याची रीत अधिक उपयोगी पडते, आणि ती मुलगा असो वा मुलगी, दोघांसही शिकावीच लागते.

आतां प्रत्यक्ष अर्जाविषयीं. पहिली गांठ अकरावींतच पडते. पुष्कळ मुलें विज्ञानशाखेंत गणित ठेवून जीवशास्त्र सोडतात. ज्यांच्या मनांत पशुवैद्यक आहे त्यांनीं तसें करूं नये. बारावीस इंग्रजी, पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र हे विषय असावे लागतात, आणि खुल्या वर्गांतील विद्यार्थ्यास त्यांत मिळून निदान ५० टक्के गुण लागतात. प्रवेशाच्या वर्षीं ३१ डिसेंबरपर्यंत वयाचीं १७ वर्षें पुरीं झालेलीं असावीं. ‘नीट’ दिली म्हणजे पुढचें आपोआप होतें, हा मोठा गैरसमज आहे. सुमारें १५ टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषद अखिल भारतीय यादीवरून भरते. महाराष्ट्रांतील इतर जागांसाठीं नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे निराळा अर्ज करावा लागतो. दोन्हीकडील मुदती निरनिराळ्या असतात. त्या जाहीर होतांच घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्या. अधिवासाचा दाखला व इतर कागदपत्रें निकालानंतर धांवपळ करून मिळविण्यापेक्षां बारावीच्या वर्षींच तयार ठेवावींत.

महाविद्यालय निवडतांना केवळ शहर पाहूं नये. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ हीं या विद्यापीठाचीं जुनीं पशुवैद्यक महाविद्यालयें. परळच्या आवारांत बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचा जनावरांचा मोठा दवाखाना आहे, आणि शहरांतील कुत्रीं-मांजरें तेथें पुष्कळ येतात. उदगीरच्या आसपास देवणी गाईंचा मुलूख आहे. नागपुरास गोरेवाडा येथें विद्यापीठाचें वन्यजीवांविषयींचें संशोधन-केंद्र आहे. आपल्या मुलाचा ओढा कोणत्या जनावरांकडे आहे, हें पाहून पसंतीचा क्रम लावावा. दुसऱ्या प्रांतांतील किंवा खासगी महाविद्यालयाचा विचार असेल, तर त्यास परिषदेची मान्यता आहे कीं नाहीं हें पैसे भरण्यापूर्वीं पाहावें. पशुसंवर्धनाची पदविका ही या पदवीच्या जागीं चालत नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें. १९८४ च्या कायद्याप्रमाणें नोंदणी झालेल्या पदवीधरासच पशुवैद्य म्हणून धंदा करतां येतो.

शिक्षण साडेपांच वर्षांचें आहे, व त्यांतील शेवटचें वर्ष प्रत्यक्ष कामाच्या उमेदवारीचें. त्यानंतर सरकारी दवाखाने, दूधसंघ, लशी व औषधांचे कारखाने, प्राणिसंग्रहालयें, सैन्यांतील पशुवैद्यक दल, संशोधन आणि स्वतःचा दवाखाना अशा अनेक वाटा फुटतात. २०१९ च्या पशुगणनेंत भारतांत ५३ कोटींहून अधिक पशुधन मोजलें गेलें. तेव्हां काम पुरणार नाहीं अशी भीति बाळगण्याचें कारण नाहीं. खेड्यांतील नोकरी, अवेळीं येणारीं बोलावणीं आणि लग्नाच्या बाजारांतील प्रश्न यांची तयारी मात्र ठेवली पाहिजे.

म्हणून पालकांस आमचें सांगणें एवढेंच, कीं मुलाच्या मनांत हा विचार आला असेल तर त्याची थट्टा करूं नये आणि लगेच होकारही देऊं नये. त्यास दवाखान्यांत पाठवावें, परत आल्यावर जेवतांना नीट विचारावें, आणि तरीही तें म्हणत असेल तर अर्जांत पशुवैद्यकाचें नांव शेवटच्या ओळींत न टाकतां पहिल्या ओळींत लिहूं द्यावें.