पौरुषाचा बाजार, आयुर्वेदाची विटंबना

व्यायामशाळेच्या भिंतीवर, औषधांच्या दुकानात आणि आता प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीवर एकच घोषणा झळकते आहे : ‘टेस्टोस्टेरॉन वाढवा!’ डबीवर उधळलेला घोडा, खाली अश्वगंधा, गोखरू, सफेद मुसळी, शिलाजित अशी परिचित नावे आणि वर ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ असा शिक्का. ऋषिमुनींच्या नावाने चाललेल्या या व्यापाराला काही भाबडी मंडळी आयुर्वेदाचा विजय समजतात. वस्तुतः ही आयुर्वेदाची विटंबना आहे.

वाजीकरण हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक, यात शंका नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रसायनानंतर लगेच त्याचाच अध्याय येतो. परंतु चरकांनी ते सांगितले संयमी पुरुषासाठी आणि त्यात महत्त्व दिले उत्तम संततीला. वाग्भटांनी तर अष्टांगहृदयात बजावले आहे की, शोधन न झालेल्या शरीराला दिलेले वाजीकरण मळक्या वस्त्रावर चढवलेल्या रंगासारखे निष्फळ ठरते. प्रकृती, अग्नी, वय, ऋतू पाहून वैद्याने योजायचे औषध ते! जाहिरात पाहून मागवलेल्या डबीत यातले काय शिल्लक राहते?

आधुनिक कसोटीवर काय दिसते? ज्या गोखरूचा गाजावाजा १९८०च्या दशकात बल्गेरियातून जगभर झाला, त्याच्या २००५ मधील चाचणीत तरुणांचे संप्रेरक वाढले नाही. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातील रग्बीपटूंना ५ आठवडे तो देऊनही ना संप्रेरक वाढले, ना ताकद. अश्वगंधेची बाजू अधिक भक्कम आहे. २०१५ च्या चाचणीत ५७ पुरुषांना ८ आठवडे व्यायामासोबत मुळाचा अर्क किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. अर्क घेणाऱ्यांचे टेस्टोस्टेरॉन प्रति डेसिलिटर सुमारे ९६ नॅनोग्रॅमने वाढले, इतरांचे १८ ने. हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र निरोगी पुरुषात हे प्रमाण साधारण ३०० ते १००० च्या दरम्यान असते. लहानशा चाचणीतील एवढ्या वाढीवरून कायापालटाचे वचन देणे ही शुद्ध फसवणूक होय.

फसवणूक पैशांपुरती असती तर एक वेळ सोडून देता आली असती. ‘वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक गोळ्यांत सिल्डेनाफिल हे रासायनिक औषध लपवलेले अमेरिकेच्या औषध नियंत्रकांना वारंवार आढळले. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्या गृहस्थाचा रक्तदाब त्याने धोकादायकरीत्या कोसळू शकतो. काही डब्यांत चोरून स्टिरॉइड मिसळलेले असते. बाहेरून आलेल्या अशा संप्रेरकाने शरीराची स्वतःची निर्मिती मंदावते आणि शुक्राणू घटतात. संततीसाठी सांगितलेल्या शास्त्राच्या नावाखाली वंध्यत्व विकले जावे, याहून क्रूर थट्टा कोणती?

२००४ मध्ये बॉस्टन परिसरात तपासलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. २०२३ मध्ये डेन्मार्कने अश्वगंधेवरच बंदी घातली. याला पाश्चात्त्यांचा कट म्हणून हात झटकणे सोपे आहे; पण शिसे विषारी ठरताना धर्म वा देश पाहत नाही. परक्यांच्या हाती हे कोलीत दिले ते घरच्याच नफेखोरांनी. लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. तरीही त्या उजळ माथ्याने मिरवतात, कारण फसलेला तरुण लाजेने तक्रार करत नाही आणि समाज या विषयावर मौन पाळतो.

हे मौन घरातूनच सुटले पाहिजे. २०११ च्या एका अभ्यासात आठवडाभर रोज ५ तासच झोपलेल्या तरुणांचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घसरले. जागरण, मद्य आणि सुटलेले पोट यांना डबी हा उतारा नव्हे. वेळेवर निद्रा, सूर्यनमस्कार, आखाड्यातला घाम आणि युक्त आहार यांना किंमत पडत नाही, म्हणूनच त्यांची जाहिरात होत नाही. खरी शंका असेल तर मुलाने सकाळी रक्त तपासून घ्यावे, जाणत्या वैद्याला वा डॉक्टरला भेटावे आणि पित्याने त्याच्यासोबत जावे. आयुर्वेदाचा अभिमान जयघोषाने सिद्ध होत नाही. त्याच्या नावावर चाललेली भेसळ थांबवण्याचे धैर्य दाखवावे लागते. तेच खरे पौरुष.