दोन दिवसांत होईल, सर!

आयटीतल्या कुणालाही 'हे काम कधी होईल?' असं विचारून बघा. 'दोन दिवसांत होईल, सर' हे उत्तर ठरलेलं. काम लॉगिन पेजचं असो नाहीतर बँकेच्या रिपोर्टचं, दोन दिवस म्हणजे दोन दिवस! शिंप्याचं 'बुधवारी घेऊन जा' आणि आपलं 'दोन दिवस' हे सख्खे भाऊ. फक्त शिंप्याचा बुधवार चुकला तर कपाटातला दुसरा ड्रेस घालता येतो. आपले दोन दिवस चुकले की शनिवार जातो, रविवार जातो आणि गौरी-गणपतीला गावी जायचं रिझर्व्हेशनही जातं.

यावर उपाय काय, असं विचारलंत की ऑफिसात लगेच दोन पार्ट्या पडतात. प्रोसेसवाले म्हणतात, सगळं लिहून ठेवा, मोजा, तपासा. अ‍ॅजाइलवाले म्हणतात, कागद फाडा, कामाला लागा.

मी २००६ मध्ये पुण्यात पहिल्या नोकरीला लागलो तेव्हा पहिल्या पार्टीचं राज्य होतं. रिसेप्शनच्या भिंतीवर 'लेव्हल फाइव्ह'चं सर्टिफिकेट, आणि ऑडिटच्या आदल्या रात्री तीन महिन्यांपूर्वीच्या मीटिंगची मिनिट्स लिहीत बसलेली आख्खी टीम! पुढे कंपनी बदलली, तिथे दुसऱ्या पार्टीचं राज्य. भिंतीवर रंगीबेरंगी चिठ्ठ्या आणि पंधरा मिनिटांचं 'स्टँड-अप' पाऊण तास. पाय दुखायला लागले की लोक खुर्च्या ओढायचे, तरी नाव स्टँड-अपच. मजा म्हणजे 'दोन दिवसांत होईल, सर' हे वाक्य दोन्हीकडे तसंच होतं. आणि रविवारही दोन्हीकडे सारखेच जात होते.

घराणी दोन, राग एक

पहिल्या घराण्याचे बुजुर्ग म्हणजे वॉट्स हम्फ्री. आयबीएममध्ये सत्तावीस वर्षं काढून १९८६ मध्ये ते अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये आले. अमेरिकेच्या संरक्षण खात्यापुढे तेव्हा एक रोखठोक प्रश्न होता. सॉफ्टवेअर करून देतो म्हणणाऱ्या इतक्या कंपन्या, त्यातली कोणती शब्द पाळेल हे आधीच कसं ओळखायचं? त्याच्या उत्तरातून पाच पायऱ्यांचं 'सीएमएम' उभं राहिलं. तळाच्या पायरीवर सगळा कारभार रामभरोसे. सगळ्यात वरच्या पायरीवर, स्वतःचे आकडे बघून स्वतःची पद्धत सतत सुधारत राहणारी कंपनी. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून आपल्या कंपन्या ही शिडी धडाधड चढल्या. हजारो मैलांवरच्या क्लायंटला आपल्यावर विश्वास ठेवायला सांगायचं, तर हातात काहीतरी ओळखपत्र हवंच होतं.

दुसऱ्या घराण्याचा जाहीरनामा आला फेब्रुवारी २००१ मध्ये. अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या स्कीइंगच्या ठिकाणी सतरा जण जमले आणि त्यांनी अ‍ॅजाइलची चार मूल्यं लिहिली, पाठोपाठ बारा तत्त्वं आली. जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोलाचं, ठरलेल्या प्लॅनला चिकटून बसण्यापेक्षा बदलाला सामोरं जाणं मोलाचं, असा त्याचा सूर. कागद आणि प्लॅन नकोतच, असं मात्र त्यात कुठेही नाही. उलट त्यांनाही किंमत आहे, हे तिथेच स्पष्ट म्हटलंय. ते वाक्य आपण सोयीने गाळतो, एवढंच!

आता बारावं तत्त्व बघा. टीमने ठरावीक काळाने थांबावं, आपलं काम आणखी चांगलं कसं होईल याचा विचार करावा आणि त्याप्रमाणे वागणं बदलावं. आणि सीएमएमची पाचवी पायरी? सतत सुधारणा! म्हणजे एका शिडीची शेवटची पायरी आणि दुसऱ्या यादीचं शेवटचं तत्त्व एकच गोष्ट सांगतात. एकजण आकड्यांच्या वाटेने तिथे पोचतो, दुसरा गप्पांच्या.

हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. सीएमएम घडवण्यात पुढे असलेल्या मार्क पॉल्क यांनी २००१ मध्येच 'एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग' सीएमएमच्या चष्म्यातून तपासलं आणि दोघांचं बऱ्यापैकी जमतं असं लिहिलं. आधी टेस्ट मग कोड, दोघांनी मिळून एका स्क्रीनवर काम, दिवसातून अनेकदा सगळा कोड एकत्र करून तपासणं, हे केंट बेक यांचं एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग करून बघा. त्यात ढिलाई कुठे आहे ते सांगा! २००८ मध्ये तर खुद्द त्या इन्स्टिट्यूटनेच, दोन्ही एकत्र का स्वीकारू नये, असं विचारणारा अहवाल काढला. भांडण तिकडे मिटत आलं. आपल्या कँटीनमध्ये अजून चालू आहे.

दोनशे पानी वही

पहिल्या नोकरीतल्या आमच्या टीम लीड मॅडम वेगळ्याच होत्या. मी 'दोन दिवस' म्हणायला तोंड उघडलं की म्हणायच्या, "अरे, तुला काय वाटतं ते नको सांगू. मागच्या दहा कामांना किती वेळ लागला ते सांग." त्यांच्याकडे एक दोनशे पानी वही असायची. पानावर चार रकाने : काम, वाटले किती तास, लागले किती तास, मध्ये काय आलं. शेवटच्या पानांवर बगची यादी. बग कुठे जन्मला, कुठे सापडला, निस्तरायला किती वेळ गेला. मीही तशी वही केली. आज तिच्या बहिणी कपाटात रांगेत आहेत.

ही कल्पना हम्फ्री यांचीच, हे मला नंतर कळलं. कंपन्यांसाठी शिडी बनवल्यावर त्यांना प्रश्न पडला की हेच एकट्या इंजिनीअरला जमेल का? साठी ओलांडलेल्या या माणसाने साठहून अधिक छोटे प्रोग्रॅम स्वतः लिहून, प्रत्येक मिनिट आणि प्रत्येक चूक नोंदवून ते करून पाहिलं. त्यातून आली 'पर्सनल सॉफ्टवेअर प्रोसेस'. १९९५ मध्ये त्यावरचं त्यांचं पुस्तक आलं.

वहीचा उपयोग काय? साधं गणित आहे. समजा, मागच्या दहा कामांना मिळून तुम्ही चाळीस तास धरले होते आणि लागले साठ. म्हणजे तुमचा एक तास घड्याळात दीड तासाचा असतो. मग पुढच्या कामाला सोळा तास वाटत असतील तर चोवीस धरा. दिवसाला आठ तास म्हटलं तर दोन दिवस नव्हे, तीन.

आणि आता खरी जादू. 'सर, जमणार नाही' म्हटलं की तो तुमचा अ‍ॅटिट्यूड ठरतो. 'सर, मागच्या दहा कामांचा हिशेब असा आहे, तीन दिवस लागतील. दोनच हवे असतील तर यातलं काय पुढच्या स्प्रिंटला ढकलायचं ते ठरवू या' म्हटलं की तीच मीटिंग कामाची होते. पहिलं वाक्य प्रोसेसचं, दुसरं अ‍ॅजाइलचं. नुसतं पहिलं बोललात तर रडके वाटाल, नुसतं दुसरं बोललात तर कामचुकार. दोन्ही मिळून बोललात तर रविवार वाचायची शक्यता बरीच वाढते.

बगच्या यादीचंही तसंच. हम्फ्री यांच्या आकडेवारीत अनुभवी प्रोग्रॅमरसुद्धा हजार ओळींमागे साधारण शंभर चुका करतो. तेव्हा चुकण्याची लाज नको. पण प्रत्येकाच्या चुका ठरलेल्या असतात, हे वही दाखवते. कुणाचा लूप एक पाऊल जास्त चालतो, कुणी रिकामी व्हॅल्यू तपासत नाही, कुणी दरवेळी तारखेच्या फॉरमॅटमध्ये अडकतो. आपल्या पाच नेहमीच्या चुकांची यादी मॉनिटरला चिकटवा आणि कोड पुढे पाठवण्याआधी तेवढ्या पाचच बघा. आजकाल अर्धा कोड एआय लिहून देतो, मग वही कशाला, असं एकाने मला विचारलं. अहो, मग तर हवीच! लिहायचा वेळ वाचला, पण तपासायला किती गेला आणि चुका कुठल्या निघाल्या, हे कोण सांगणार?

मग स्प्रिंटच्या शेवटी 'रेट्रो'मध्ये 'कम्युनिकेशन सुधारायला हवं' असलं गुळगुळीत वाक्य टाकण्यापेक्षा वहीतला एक रकाना टीमपुढे ठेवा. बदल एकच ठरवा. दोन आठवड्यांनी आकडा हलला का बघा. हलला नाही तर दुसरा बदल. झाली तुमची लेव्हल फाइव्ह, तीही ऑडिटशिवाय!

पण वही कुणाच्या हातात?

इथे एक खड्डा आहे. मी काम केलेल्या एका कंपनीत प्रत्येक टीमची 'व्हेलॉसिटी', म्हणजे एका स्प्रिंटमध्ये उरकलेले पॉइंट, मोठ्या स्क्रीनवर झळकायला लागली. पुढे ती अप्रेझललाही जोडली गेली. दोन-तीन महिन्यांत सगळ्याच टीम भराभर 'वेगवान' झाल्या. काम तेवढंच होतं. काल तीन पॉइंटची असलेली गोष्ट आज पाच पॉइंटची झाली होती, बस्स! वजन कमी करायचं सोडून सगळ्यांनी काटाच हलवला. त्यानंतर त्या आकड्यांवरून तारीख काढणं म्हणजे पोपटाकडून भविष्य काढण्यासारखं झालं.

हम्फ्री यांनी हे आधीच ओळखलं होतं. एका इंजिनीअरचे आकडे त्या इंजिनीअरचेच, त्यावरून त्याला जोखायचं नाही, हा त्यांचा आग्रह होता. कारण भीती वाटली की माणूस खोटं लिहितो, आणि खोट्या आकड्यांनी काहीच सुधारत नाही. म्हणून साहेबांना बेरीज दाखवा, वही नाही. मॅनेजर असाल तर मागूही नका.

नोकरी सोडताना लॅपटॉप, आयडी कार्ड, पार्किंगचा पास, सगळं जमा करावं लागतं. लेव्हल फाइव्हचं सर्टिफिकेट रिसेप्शनच्या भिंतीवर राहतं. कोड तर कंपनीचाच. म्हणून वहीत क्लायंटचं नाव नको, कोडची ओळ नको. फक्त आपले तास आणि आपल्या चुका. तेवढ्यावर कुणीच हक्क सांगत नाही, आणि पुढच्या ऑफिसात पहिल्या दिवशी उपयोगाला येतं ते तेवढंच.

वही पन्नास रुपयांना मिळते. पहिलं पान भरायला सोमवारची वाट बघू नका.